खालचं पक्कं कर

२ फेब्रुवारी, सोमवार

इंजिनाचा ब्लॉक आला एकदाचा. जुन्या टिपरचा आहे, पण तडा नाही, भोक नाही, हेच खूप. क्रेनवाल्याने तो दारातच टेकवला आणि म्हणाला, "वहिनी, या वर्षी तरी आतलं आत राहू द्या." हसला मेला. मीही हसले. दुसरं काय करणार, गेल्या वर्षीचं सगळ्या गावाने पाहिलंय.

गेल्या वर्षी चढाच्या शर्यतीत, तिसऱ्या वळणावर, कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला आणि रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. मागे दगडांनी भरलेला ट्रेलर आणि खाली सगळं तेलच तेल. ट्रक घसरत मागे गेला आणि कठड्याला अडकला, एक चाक हवेत. मी धावत गेले, इंजिनाखाली आडवी झाले आणि त्या भोकातून आत पाहिलं. क्रँक वाकला होता.  नवरा वर केबिनमध्येच होता, पाय ब्रेकवर रोवून. साखळ्या लागेपर्यंत त्याला उतरू देत नव्हते. कोणीतरी त्याला पाणी दिलं म्हणे.

तेव्हापासून आमच्या गॅरेजकडे लोक येतात ते ऑइल बदलायला. इंजिन बांधायचं म्हटलं की नाक्यापलीकडे जातात. त्यामुळे या वर्षी हा ट्रक अख्खा वर पोचला पाहिजे. नंबर गेला खड्ड्यात. मी बांधलेलं इंजिन पोटात घेऊन तो वर पोचला, एवढं लोकांना दिसलं म्हणजे झालं. नाहीतर इंजिन बांधणारी म्हणून माझं नाव संपलं.

नवऱ्याने ब्लॉकभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाला, "खालचं पक्कं कर."

करते बाबा. त्यासाठीच तर ही डायरी काढली. तोंडाने बोललं की आमचं भांडण होतं, कागद निदान उलट बोलत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जुनं इंजिन पूर्ण उघडलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना वाटतं ताकद वर असते, टर्बोत, डिझेलच्या पंपात. वरून कितीही कोंबा, तो सगळा मार शेवटी खाली बसतो. पिस्टन रॉडला ढकलतो, रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, आणि क्रँकला जागेवर धरून ठेवतात त्या बिचाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप. वरचे मजा करतात, खालचे सोसतात. घरात वेगळं काय असतं?

कॅप जिथे ब्लॉकला टेकतात तिथे घासल्याचे चकचकीत डाग सापडले. म्हणजे जोर आला की कॅप हलत होत्या. बोल्ट तुटायच्या कितीतरी आधीपासून खालचं डुगडुगत होतं. नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने डागावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे आधीपासून हलत होतं?"

"हो."

"आणि बाहेरून काहीच कळत नव्हतं?"

"उघडल्याशिवाय कसं कळेल?"

बराच वेळ तिथेच बसून राहिला. बरं वाटलं मला. एरवी इंजिनात डोकं घालायचा त्याला कंटाळा. याला सगळे बिनब्रेक म्हणतात ते उगाच नाही. गाडी दिसली की बसायचं आणि दाबायचं, एवढंच ठाऊक.

९ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. मेन कॅपना बोल्टच्या जागी जाड स्टड. रॉड नवे, घडीव पोलादाचे. तेलाचा पंप मोठा. माझ्या हिशोबाने एवढं पुरून उरतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्लॉक घेऊन लेथवाल्याकडे गेले. नवे स्टड जास्त जोराने आवळले की बेअरिंगचं गोल भोक किंचित अंड्यासारखं होतं. म्हणून कॅप आवळलेल्या ठेवूनच सगळी भोकं पुन्हा एका रेषेत घासून घ्यावी लागतात. बरेच जण हे करत नाहीत, नुसते स्टड बदलतात, आणि मग नशिबाला बोल लावतात.

लेथवाला काम सुरेख करतो पण तोंडाला कुलूप नाही. त्याच्या सुनेचं सगळं ऐकून झालं तेव्हा कुठे त्याने ब्लॉककडे पाहिलं. "बिनब्रेक काय म्हणतो? दिसला नाही बऱ्याच दिवसांत. पूर्वी इकडून जाताना हॉर्न मारायचा."

मी म्हटलं, हल्ली बाजारात पायी जातो, पोट सुटलंय म्हणून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ब्लॉक घरी आला. भोकं इतकी सरळ की बघत राहावं. नवऱ्याने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "कंबरपट्टा घालूया."

कंबरपट्टा म्हणजे सगळ्या मेन कॅपना खालून एकत्र बांधणारी जाड पोलादी चौकट. एकटी कॅप हलू बघेल तर बाकीच्या तिला धरून ठेवतात. वाईट कल्पना नाही. पण आपली ताकद केवढी, आपण ओढणार किती? मी समजावलं, कागदावर काढून दाखवलं. तर म्हणे, "घाल तरीपण."

"अरे पण कशासाठी?"

"घाल म्हटलं ना."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ठीक आहे, फुंक. ब्लॉक पुन्हा लेथवाल्याकडे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लेथवाला पोट धरून हसला. "वहिनी, या इंजिनाने तुम्ही टेकडी चढणार की टेकडीच ओढून आणणार?" मग त्याच्या सुनेचा पुढचा भाग.

१ मार्च, रविवार

आज कडाक्याचं भांडण. कंबरपट्टा बसला, क्रँकचं वजन दोन्हीकडून तोलून झालं, रॉड तपासून आले. तर हा म्हणतो, रॉड परत तपास, बारीक तडा असेल तर? अरे, नवे कोरे रॉड! चुंबकाने तपासून, डोळ्यांत तेल घालून बघितलेत. मी म्हटलं, "तुझा माझ्यावर विश्वास नाही, हे सरळ सांग ना."

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

"मला नाही सांगता येत. खालचं पक्कं पाहिजे, बस."

मी पाना आपटला. तो निघून गेला. सासूबाई दारात उभ्या होत्या, सगळं ऐकत. म्हणाल्या, "जेवत नाही गं तो नीट. आणि पहाटेच उठून बसतो."

मी म्हटलं, पाठ दुखत असेल. त्या ट्रकची सीटच तशी आहे, बसून बसून माकडहाड झिजतं. नवी गादी घालते.

सासूबाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या. "घाल," म्हणाल्या, "गादी घाल."

३ मार्च, मंगळवार

गादी घातली. चांगली मऊ आहे. त्याने बसून पाहिलं नाही अजून.

रॉड परत तपासून आणले. काही नाही निघालं. निघणारच नव्हतं.

७ मार्च, शनिवार

क्रँक बसवला. बारीक मेणाची दोरी बेअरिंगमध्ये दाबून प्रत्येक फट मोजली. सगळ्या सारख्या. क्रँकला बोट लावलं की गर्रकन फिरतो. असं काम झालं की मला गाणं म्हणावंसं वाटतं, पण सासूबाई घरात होत्या.

आता राहिली शेवटची कॅप. आमच्या गॅरेजचा सासऱ्यांपासूनचा नियम आहे: ज्याचा पाय गाडी दाबणार, शेवटची मेन कॅप त्याने स्वतःच्या हाताने आवळायची. बाकी सगळं आम्ही करू, पण ती एक त्याची. सासरे म्हणायचे, मग वर गेल्यावर कोणी कोणाला बोल लावायचा नाही. किती ड्रायव्हर आले नि गेले, प्रत्येकाने आवळली. हा तर फोटो काढून घ्यायचा.

हाक मारली. म्हणाला, मनगट दुखतंय, उद्या बघू.

१० मार्च, मंगळवार

मनगट दुखतंय म्हणे अजून. त्याच मनगटाने काल पाण्याची टाकी गच्चीवर चढवली.  इंजिनावर कापड टाकून ठेवलंय. शर्यत तोंडावर आली आणि माझं इंजिन एका कॅपसाठी उघडं पडलंय. नाकाशी सूत धरायची वेळ आली.

सासूबाई म्हणाल्या, "तू आवळ की."

"नियम आहे ना!"

"नियम माझ्याच नवऱ्याने केला होता," त्या म्हणाल्या, "आणि तो काही शहाणा नव्हता."

सासऱ्यांबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

१२ मार्च, गुरुवार

आवळली! सकाळी स्वतःच आला, टॉर्क पाना उचलला. टॉर्क पाना ठरलेला जोर आला की कट्ट वाजतो आणि थांबायचं असतं. याने कट्ट झाल्यावर पुन्हा आवळायला घेतलं. मी ओरडले, "अरे थांब, स्टड ताणशील!" पाना हातातून निसटून माझ्या पायावर. मीच पाना तेलकट ठेवला असणार, त्यात हात घामाने ओलाचिंब होता त्याचा. उकाडाही केवढा आहे.

तो स्टड काढून नवा घातला आणि त्याच्याकडून परत आवळून घेतला. या वेळी कट्टवर थांबला. पाय सुजलाय माझा, पण झालं बाई एकदाचं.

१५ मार्च, रविवार

इंजिन सुरू! पहिल्या झटक्यात. तेलाच्या दाबाचा काटा कसा तर भिंतीला टेकल्यासारखा, हलायचं नाव नाही. लेथवाला खास आला होता. क्रेनवाला रस्त्यावरून आत डोकावला आणि या वेळी हसला नाही. मी आतून नुसती नाचत होते.

नवरा बॉनेटपाशी कान देऊन उभा. म्हणाला, "खालून आवाज येतोय."

"कसला?"

"ठोका. बारीक."

लोखंडी सळई ब्लॉकला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, एकेक बेअरिंग ऐकलं. काही नाही. लेथवाल्याने ऐकलं. त्यालाही काही नाही. हा आपला म्हणतोय, येतोय, येतोय. सगळ्यांसमोर! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

१६ मार्च, सोमवार

खालचा तेलाचा चेंबर उतरवला. सगळ्या कॅप काढल्या. हो, सगळ्या. बेअरिंग आरशासारखी, एक ओरखडा नाही. त्याला हाताला धरून आणलं आणि म्हटलं, बघ. दाखव कुठे ठोका आहे ते.

त्याने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "छान झालंय गं काम."

"मग?"

"काही नाही. लाव परत."

या माणसाशी संसार करायचा म्हणजे! रडूच आलं मला. राग आला की मला रडू येतं, हा एक मूर्खपणा आहे माझ्यात. त्याने पाठीवर हात ठेवला तर मी झटकला.

१९ मार्च, गुरुवार

लावलं परत. शेवटची कॅप त्याने निमूट आवळली. आज ट्रेलरमध्ये दगड भरून टेकडीवर चाचणी घेतली. तो म्हणाला, तू चालव, मी शेजारी बसून ऐकतो. मलाही पटलं. चालवणाऱ्याला खालचं नीट ऐकू येत नाही.

काय ओढतंय इंजिन! मागे वजन आहे असं वाटतच नव्हतं. मी खुशीत त्याच्याकडे पाहिलं तर याने दाराची मूठ धरलेली. तिसऱ्या वळणाच्या जरा आधी म्हणाला, "थांबव. मी बाहेरून ऐकतो. तू जा पुढे."

त्याला उतरवून वर गेले. वर सपाटीवर इंजिन बंद केलं, तेल पाहिलं, पाणी पाहिलं, थंड होईपर्यंत थांबले. म्हटलं येईल चालत. आला नाही. शेवटी मीच खाली आले. तिथेच दगडावर बसला होता, वळणाकडे पाठ करून.

"आला आवाज?" मी विचारलं.

"आला."

"कधी?"

"आत्ता. मघापासून येतोय."

मघापासून तर इंजिन वर बंद पडून होतं! हा खोटं बोलणाऱ्यातला नाही. म्हणजे इंजिनाचा नव्हे, याच्या कानाचा दोष आहे. आयुष्यभर सायलेन्सरशेजारी बसून दुसरं काय होणार? शर्यत झाली की कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

येताना मीच चालवलं. तो झोपला. भर दुपारी, एवढ्या आवाजात, लहान पोरासारखा झोपला.

२१ मार्च, शनिवार

उद्या शर्यत. सगळं तयार. मला इंजिनाची एवढीशीही काळजी वाटत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. सकाळी नाक्यापलीकडच्या गॅरेजचा मालक मुद्दाम येऊन बघून गेला. कंबरपट्टा कसा घातला ते विचारत होता. सांगितलं नाही. उद्या वर पोचला की मग सांगेन.

२२ मार्च, रविवार

सगळं लिहायचंय, क्रमाने लिहिते.

सकाळी रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे एक टँकरवाला, मग आम्ही. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला. "बिनब्रेक! बिनब्रेक!" म्हणून आरोळ्या. नवरा चढून बसला. मी पायरीवर उभी राहून त्याला हेल्मेट दिलं. टँकर सुटला. आमचं इंजिन अजून बंद होतं आणि मला खडखड ऐकू आली. बारीक, पण सारखी. मी म्हटलं, अरे देवा, खरंच काहीतरी ढिलं आहे, हा इतके दिवस सांगतोय आणि मी ऐकत नाही. आवाज पायापाशी होता. ब्रेकचं पेडल असेल म्हणून मी वाकून हात घातला.

पेडल घट्ट होतं. त्याचा पायच थरथरत होता आणि बुटाची टाच पत्र्यावर वाजत होती. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तरी थांबेना.

मी वर पाहिलं. हेल्मेटमधून त्याचे डोळेच तेवढे दिसत होते. तो समोर बघत होता. किल्लीवर हात होता, तो फिरत नव्हता.

मी किती मूर्ख बाई आहे. स्टड घातले, रॉड घातले, कंबरपट्टा घातला, गादी घातली. गादी! याला वर्षभर भीती वाटत होती आणि मी त्याला पोलाद दाखवत होते.

पंचाने हात केला, चला पुढे. मागून हॉर्न. मी पायरीवरून उतरले आणि सरळ पंचाकडे गेले. म्हटलं, "आम्ही नाही जात. इंजिनात दोष निघाला. मेन बेअरिंग वाजतंय."

पंच म्हणाला, "पुन्हा?"

"पुन्हा," मी म्हटलं.

मागे रांगेत बातमी पसरली. कोणीतरी हसलं. नाक्यापलीकडचा मालक तिथेच दोरीला टेकून उभा होता, तो शेजारच्याला म्हणाला, "कंबरपट्टा घालून कंबर मोडली वाटतं." मी ऐकलं. ऐकून खाली बघितलं.  ते इंजिन माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. पण त्याच्या पायाची ती थरथर अजून हाताला लागत होती, आणि जे बोलले ते परत घ्यावंसं मला वाटलं नाही.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. नवरा उतरला, एका हाताने दार धरून.  हेल्मेट काढून पंचाला म्हणाला, "इंजिनात काही दोष नाही."

मी म्हटलं, "तू गप्प बस."

"तूच गप्प बस," तो म्हणाला. आणि मग मोठ्याने, दोरीपर्यंत ऐकू जाईल असं, "इंजिन हिने बांधलंय. त्याला काही होत नाही. मला होतं. मी घाबरलोय. गेल्या वर्षी तिथे लटकलो होतो, तेव्हापासून घाबरलोय. लिहा तसं."

 मग मागून कोणीतरी पोरगं ओरडलं, "बिनब्रेक घाबरला!"

"हो," हा म्हणाला, "घाबरला."

पंच बिचारा कागद हातात धरून उभा. काय लिहावं त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, बाजूला घ्या गाडी, मागच्यांना जाऊ द्या. मी चढले, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. नाक्यापलीकडचा मालक जवळ येऊन वाकला आणि खाली कान देऊन ऐकत राहिला. त्याचं तोंड उतरलं.  आज सकाळपर्यंत त्याचं ते तोंड बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

घरी सपाटीच्या लांबच्या रस्त्याने निघालो. मी चालवत होते, तो शेजारी.  मग तोच म्हणाला, "तू कशाला खोटं बोललीस? सगळं नाव घालवलं असतंस."

"तू नाही का घालवलंस तुझं?"

तो जरासा हसला. मग खिडकीबाहेर बघायला लागला. मला कळलं काय होतंय ते. मी विचारलं, "आत्ता येतोय का आवाज?"

म्हणाला, "येतोय."

मी ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. त्याच्याकडे वळून बसले. म्हटलं, सांग कसा येतो ते. पहिल्यापासून सांग, बोल्ट तुटला तिथपासून. मी कुठलाही पार्ट विचारणार नाही.

त्याने माझा हात धरला आणि सांगायला लागला.